साईड सी व्ह्यू

"समुद्र कुठाय?"

खोलीत बॅगा टाकून मी तडक बाल्कनीत गेलो आणि तोंडातून पहिला प्रश्न हाच बाहेर पडला. समोर दुसऱ्या हॉटेलची पांढरी भिंत, तिच्या प्रत्येक बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल, आणि खाली पोहण्याच्या तलावाचा निळा चौकोन. बुकिंग करताना मात्र 'साईड सी व्ह्यू' असं ठळक लिहिलेलं होतं आणि त्यासाठी अस्मादिकांनी रात्रीचे बावीस युरो जास्तीचे मोजले होते. रात्री पाच. गुणाकार तुम्हीच करा, मला त्रास होतो.

"हा काय!" बाबा कठड्याला पोट टेकवून, मान डावीकडे काटकोनात वळवून उभे होते. "दिसतो की रे. मान वाईच वाकडी करायला लागते इतकंच."

मी मान वाकडी केली. दोन इमारतींच्या फटीत, साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढा, भूमध्य समुद्र होता. साईड होती, सी होता, व्ह्यूही होता. कुठे बोट ठेवायला जागा नाही! मी तिथेच पलंगावर बसून मोबाईलवर रिव्ह्यूचा मसुदा टंकायला घेतला. आम्ही पडलो टेस्टिंगवाले. चुका शोधायच्या, मुद्देसूद लिहायच्या आणि शेवटी गांभीर्य किती ते टाकायचं, याचाच पगार मिळतो. एक तारा द्यायचा हे पहिल्या ओळीच्या आधीच ठरलं होतं.

असो. आधी थोडी पार्श्वभूमी.

मी २०२२ पासून नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आहे. २०२४ च्या जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदा माझ्याकडे आले. जूनच का, तर त्यांना सुट्टी तेव्हाच असते. दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांसाठी पाच खोल्या. 'घरगुती राहण्या-जेवणाची उत्तम सोय, समुद्र दोन मिनिटांवर.' (पळत गेलात तर दोन. चालत पाच लागतात. तेव्हा साईड सी व्ह्यूवाल्यांना शिव्या घालायचा मला तसा नैतिक अधिकार नव्हता, पण हे मला नंतर सुचलं.) मी सातवीत असताना आईने दोन खोल्यांपासून हे सुरू केलं. बाबा शाळामास्तर. निवृत्त झाले आणि 'मालक' झाले, पण आवाज मास्तरांचाच राहिला.

दिवाळी ते मे सीझन. मृग लागला की समुद्र खवळतो, होड्या वर काढतात आणि पाहुणे बंद. म्हणजे पंधरा वर्षं दोघं दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळतायत. स्वतः पाहुणे म्हणून राहिले ते लग्नाकार्याला नातेवाइकांकडे, आणि एकदा पंढरपूरला भक्तनिवासात. बस्स.

"अरे, पण समुद्राकाठच्या माणसांना सुट्टीला पुन्हा समुद्राकाठीच कशाला नेतोयस?" माझ्या रूममेटने विचारलं. मी पॅरिस, रोम वगैरे सुचवून पाहिलं होतं. पण आईने एका वाक्यात विषय संपवला. "मला एकदा दुसऱ्याच्या समुद्रावर नुसतं बसायचंय. कोणाचा चहा टाकायचा नाही."

म्हणून बेनिडॉर्म!

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आलिकान्ते प्रांतात हे गाव आहे. गाव कसलं, लांबून बघितलं तर नरिमन पॉइंटच वाटावं. समुद्राला लागून नुसते मनोरे. एक 'बाली' नावाचं हॉटेल आहे, २००२ साली उघडलेलं, ते एकटंच १८६ मीटर उंच आहे. बाबा खाली उभं राहून ते बघत होते. "आपल्याकडे माडापेक्षा उंच काही बांधलं तर डोळ्यात खुपतं," म्हणाले. आणि गंमत म्हणजे १९५० च्या आसपास हे आपल्या हर्णैसारखंच मासेमारांचं गाव होतं. मग पेद्रो सारागोसा नावाचे एक महापौर आले. १९५६ मध्ये त्यांच्या काळात गावाचा सगळा आराखडा ठरला: रुंद रस्ते, उंच इमारती आणि मधे मोकळी जागा. बाहेरच्या देशांतून बायका बिकिनी घालून यायला लागल्या. देशात फ्रँकोची हुकूमशाही, चर्च कडक. झाला की राडा! तेव्हा हे महापौर व्हेस्पा स्कूटर काढून थेट माद्रिदला फ्रँकोला भेटायला गेले आणि बिकिनी वाचवून परत आले, असं सांगतात.

"स्कूटरवरून!" बाबा जाम खूश. "आमच्या सरपंचाला तालुक्याला जायला बोलेरो लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही लेव्हान्ते बीचवर. इथे दोन मोठे किनारे आहेत, पूर्वेचा लेव्हान्ते आणि पश्चिमेचा पोनियेन्ते, आणि मधे एका टेकाडावर जुनं गाव. बाबांनी वाळूवर पाऊल ठेवलं आणि बोटांवर हिशेब केला. "आज विनायकी. चारची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती, म्हणजे नऊला पूर्ण ओहोटी."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची वेळ साधारण कळते. षष्ठी असेल तर साडेचार, अष्टमी असेल तर सहा. मग तिथून सहा तासांनी ओहोटी. ॲप नाही, रेंज नाही, नुसतं कालनिर्णय. मी लहानपणी पाढ्यांच्या आधी हे शिकलोय.

बाबांनी लाट जिथवर येत होती तिथे आइस्क्रीमची काडी रोवली आणि कडेला बसले. साडेआठ. नऊ. साडेनऊ. पाणी काडीपाशीच. दहाला उठले, काडी उपटली आणि माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "हा समुद्र मेलाय का रे?"

मी हसून हसून वाळूत. मग त्यांना सांगितलं, भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद. महासागराशी जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वात अरुंद ठिकाणी जेमतेम चौदा किलोमीटर. तेवढ्या दारातून अटलांटिकची भरती आत येणार किती? इथे पाणी चढलं-उतरलं तर वीतभर. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला पुरुषभर.

"म्हणजे हा ओढत नाही?"

"ओहोटीसारखा नाही ओढत. वाऱ्याने खवळला तर मात्र ओढतो."

"मग इथल्या मालकांना झोप लागत असेल," बाबा म्हणाले. मी तेव्हा त्यावर काही विचार केला नाही.

हॉटेलात बाबांची भयंकर करमणूक चालली होती. ते पाहुणे नव्हतेच, इन्स्पेक्शनला आले होते. पाण्याची टाकी कुठे, चादरी बाहेर धुवायला देतात की आत, सकाळची पोळी उरली तर तिचं काय करतात (पोळी म्हणजे ब्रेड), असं सगळं. सर्वात आवडलं ते तलावाकाठचं नाट्य. सकाळी सात वाजता लोक लिफ्टने खाली येतात, आरामखुर्चीवर टॉवेल टाकतात आणि पुन्हा वर जाऊन झोपतात. मग अकराला येऊन 'आपल्या' खुर्चीवर पसरतात. एक इंग्रज आजोबा आणि एक जर्मन काका यांच्यात यावरून शीतयुद्ध पेटलं होतं. बाबांनी ते दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, "एसटीच्या खिडकीतून रुमाल." तिसऱ्या दिवशी सात वाजता खाली बघतो तर तीन खुर्च्यांवर आमचे तीन पंचे. त्यातला एक सोलापुरी चौकड्यांचा!

आईची गोष्ट वेगळी. तिला जेवणघरात बसवेना. बुफे होता. ती दर पाच मिनिटांनी उठून आमच्या रिकाम्या बश्या एकात एक घालून टेबलाच्या कोपऱ्यात रचायची आणि वेटर हसत येऊन ती चळत घेऊन जायचा. तळलेले बोकेरोनेस म्हणून छोटे मासे होते, ते तिने चाखून "मांदेलीच आहेत, पण रव्यात नाही घोळवलेत" असा शेरा मारला. गार टोमॅटोचं गास्पाचो प्यायली आणि हळूच मला म्हणाली, "सार चांगलंय. तापवायचं विसरलेत."

दुसऱ्या रात्री जेवताना ती एकदम थांबली. "तुला माहितेय," म्हणाली, "सीझनमध्ये मी कधी तुमच्याबरोबर गरम जेवलेच नाहीये." सहज म्हणाली, तक्रार नव्हती. मी आठवून पाहिलं. खरंच, आई पंगतीला बसलेली मला आठवेना. ती आठवते ती स्वयंपाकघराच्या दारात, हातात भाताचं पातेलं घेऊन.

सकाळी खोली आवरायला एक बाई यायच्या. पन्नाशीच्या असाव्यात. पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा आईने दोन्ही पलंग आधीच आवरून, चादरीचे कोपरे दुमडून ठेवले होते. बाई चमकल्या. मग हसल्या. मग त्यांनी आईने दुमडलेला कोपरा उचलून बघितला आणि तो पुन्हा स्वतःच्या पद्धतीने दुमडून दाखवला. आई लगेच दुसऱ्या पलंगाकडे जाऊन तसा दुमडून बघते! अर्धा तास दोघींचं असं चाललं होतं, एक स्पॅनिशमध्ये बोलतेय, एक मराठीत, आणि मी मधे फोनवरचं भाषांतर उघडून उगाच उभा. आईने मला एकच प्रश्न विचारायला लावला. "दिवसाला किती खोल्या?" बाईंनी दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडली.

"वीस! आणि मी पाचांना रडते." आईने स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. बाईंनीही ठेवला. भाषांतराची गरज लागली नाही.

आईची कंबर हा आमच्या घरातला जुना विषय आहे. दोनदा एमआरआय झालाय. "खोल्या बंद करा, मी पैसे पाठवतो" हे माझं पालुपद, आणि "मग आम्ही दिवसभर काय तुझे फोटो बघायचे?" हे तिचं उत्तर. त्या रात्री मी वाचत बसलो तर कळलं की स्पेनमध्ये अशा बायकांची 'लास केलीज' म्हणून संघटना आहे. 'ला के लिंपिया', म्हणजे 'जी साफ करते ती', यावरून केलेलं हे नाव. खोलीमागे मिळणारे तुटपुंजे पैसे, ठेकेदारी, झिजलेले मणके यावर त्या भांडतात. आणि बालेआरिक बेटांनी २०२२ मध्ये कायदाच केला, की हॉटेलात उंची वाढवता येणारे पलंग हवेत. कळ दाबली की पलंग वर येतो, बाईला वाकायला नको. मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पलंगाला विटा लावल्या तर?" (लावल्या. परत गेल्यावर पाचही खोल्यांत, प्रत्येक पायाखाली दोन-दोन. पाहुणे विचारतात, आई म्हणते स्पेनची पद्धत आहे.)

तर, मुख्य गोष्ट पुढेच आहे.

बुधवारी सकाळी उठलो तर वारं सुटलं होतं. बीचवर गेलो तर गार्डच्या उंच खुर्चीशेजारी लाल झेंडा फडफडत होता. इथला नियम साधा: हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही. टाकलंत तर दंड होऊ शकतो. कालचा तो तळ्यासारखा समुद्र आज करड्या लाटा आपटत होता. गार्ड, विशी-बाविशीचा पोरगा, शिट्टी तोंडात धरूनच बसला होता. कोणी गुडघाभर पाण्यात गेलं की शिट्टी. लोक मागे फिरायचे. कोणी वाद घालत नव्हतं, हुज्जत नाही, काही नाही.

बाबा त्या पोराकडे दोन तास बघत बसले. अक्षरशः दोन तास. मी कंटाळून कॉफी पिऊन आलो तरी तिथेच.

हॉटेलवर परतलो तर रिसेप्शनला एक लालबुंद गृहस्थ तावातावाने बोलत होते. आमची सुट्टी चार दिवसांची, पैसे भरलेत ते समुद्रासाठी, आणि तुम्ही समुद्र बंद ठेवता म्हणजे काय, आम्ही हे सगळं लिहिणार आहोत! काउंटरवरची मुलगी माझ्यापेक्षा लहान असेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "सर, समुद्र हॉटेलचा नाही."

"काय म्हणाली रे?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि लिफ्टकडे न जाता पुन्हा बाहेरच पडले. मी मागोमाग.

दोन्ही किनाऱ्यांच्या मधल्या टेकाडावर पांढऱ्या कठड्याचा एक सज्जा आहे, पार समुद्रात घुसलेला. आम्ही तिथे जाऊन बसलो. वाऱ्याने बोलणं उडून जात होतं.

"ते पुण्याचे सहा जण आठवतात तुला?" बाबा म्हणाले. "गेल्या वर्षी मे महिन्यातले."

सहा जण नाही आठवले, पण त्यांचा रिव्ह्यू आठवला. कारण आमच्या खोल्यांचं ऑनलाइन खातं मीच सांभाळतो. पाच तारे होते. 'मस्त जागा, मस्त जेवण, मालक कशातही लुडबुड करत नाहीत.' मी त्याचा फोटो काढून बाबांना पाठवला होता आणि खाली अंगठा.

आता याच्या आधीचं सांगायला हवं. २०२२ च्या डिसेंबरात, नाताळच्या गर्दीत, एका कुटुंबाने आम्हाला दोन तारे दिले होते. 'जेवण छान. मालक उद्धट. मोठ्या माणसांना समुद्रात जायला मनाई करतात, अंगावर ओरडतात.' बाबा ओरडले होते हे खरं. संध्याकाळची वेळ, ओहोटी लागलेली, दोन पुरुष पिऊन पाण्यात निघालेले. बाबांनी वाडीतून मास्तरी आवाजात हाक मारली होती. आमची सरासरी ४.७ होती, ती घसरली. मी इथे बसून तो आकडा बघत होतो. तुमच्यापैकी ज्यांचं अप्रेझल एका दशांशावर अडलंय त्यांना कळेल. मी बाबांना फोन केला आणि चांगला वीस मिनिटं समजावलं. बाबा, ते कस्टमर आहेत. तुम्ही कशाला बोलता? गेटवर बोर्ड लावा, 'स्वतःच्या जबाबदारीवर समुद्रात जावे'. बोर्ड लावला की तुमची जबाबदारी संपली.

बाबांनी बोर्ड लावला. सुंदर अक्षरात, मास्तरच ते.

"षष्ठी होती त्या दिवशी," बाबा म्हणाले. "साडेचारला भरती. हे साडेसहाला निघाले, खांद्यावर टॉवेल टाकून. पाणी ओढायला लागलेलं. मी गेटात उभा होतो. तोंड उघडलं आणि मिटलं."

"का?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"तू सांगितलं होतंस ना."

खाली लाट आपटली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दहा मिनिटांत ओरडा ऐकू आला. दोघं ओढले गेलेले. पलीकडे जाळी विणत बसलेले आपले लोक होते म्हणून. होडी घातली, काढलं दोघांना. एक तर निळा पडला होता. तुझ्याच वयाचा असेल. तुझ्या आईने रात्री त्यांना मऊ भात घातला. सकाळी उठून गेले."

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. तेवढ्यात तुझा अंगठा आला."

मंडळी, आमच्या कामात रूट कॉज नावाचा प्रकार असतो. काही मोठं कोसळलं की सगळ्यांनी बसून मुळापर्यंत जायचं. त्यात एक नियम असतो, अहवालात माणसाचं नाव लिहायचं नाही, प्रक्रियेत काय चुकलं ते लिहायचं. फार चांगला नियम आहे. मी त्या कठड्यावर बसून तो लावायचा प्रयत्न केला. पण इथे प्रक्रियाही मीच लिहून दिली होती. आइंडहोवनला बसून, एका दशांश स्थळासाठी, ज्या माणसाला कालनिर्णय बघून समुद्राचा मूड कळतो त्याला.

मी काय बोललो ते नीटसं आठवत नाही. "चुकलं माझं" असं काहीतरी. बाबा म्हणाले, "तुझं नाही रे. तोंड माझं होतं." आणि थोड्या वेळाने, "इथे बघ कसं आहे. झेंडा असला की माणूस उद्धट ठरत नाही. तो पोरगा सकाळपासून शिट्ट्या मारतोय, कोणी त्याला काही म्हटलं?"

मग एकदम, "हे झेंडे कुठे मिळतात?"

आम्ही शोधले, पण नुसता झेंडा विकणारं दुकान काही सापडलं नाही. एका दुकानात बुलफाइटचं लाल फडकं होतं, पंचवीस युरो. बाबांनी किंमत ऐकून ते परत ठेवलं.

निघायच्या आदल्या रात्री मोबाईलमधला मसुदा उघडला. भिंत, टॉवेल, फट, मानेचा कोन (अंशांत!), फोटोसकट तेरा मुद्दे. गांभीर्य: अत्यंत. वाचताना मला समोर तो लालबुंद माणूसच दिसायला लागला. कुठेतरी ऑफिसात कोणीतरी हा आकडा बघणार, फोन करणार, आणि काउंटरवरच्या त्या मुलीला वीस मिनिटं समजावणार. पुढच्या लाल झेंड्याला ती काय बोलेल मग?

मसुदा खोडला. नवीन लिहिला, तो असा: 'समुद्र दिसतो, मान वाकडी करावी लागते, त्याचे पैसे जास्त घेऊ नयेत. खोली आवरणाऱ्या बाई उत्तम. त्यांच्या खोल्या कमी कराव्यात आणि पलंग उंच. लाल झेंड्याच्या दिवशी रिसेप्शनने पाहुण्यांना खरं ते सांगितलं. माझे आई-वडील स्वतः पाहुण्यांची सोय करतात, त्यांना आवडलं.' चार तारे. एक मानेचा कापला.

निघताना बाबांना अजून एक माहिती मिळाली होती. स्पेनचं सरकार निवृत्त लोकांना हिवाळ्यात सवलतीत अशा हॉटेलांत पाठवतं, १९८५ पासूनची योजना आहे, त्यामुळे ऑफ सीझनलाही इथली बरीच हॉटेलं उघडी राहतात. विमानात पूर्ण वेळ ते त्या योजनेचा आमच्या वाडीशी हिशेब मांडत होते. आई खिडकीला डोकं टेकवून झोपली होती. पाच दिवसांत तिने एकदाही चहा केला नव्हता.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, आईने फोटो पाठवला. वाडीच्या समुद्राकडच्या फाटकाला वीस फुटी बांबू आणि त्यावर लाल झेंडा. कापड ओळखीचं वाटलं म्हणून फोन केला. "माझा जुना परकर," आई म्हणाली. "पिवळ्याला तुझी शाळेतली स्पोर्ट्सची टीशर्ट फाडली. हिरव्याला केळीचं पान लावायचं म्हणतायत, मी म्हटलं ते बकऱ्या खातील." शिवाय बाबांनी ट्रंकेतून शाळेतली पीटीची शिट्टी शोधून काढली. आता रोज सकाळी कालनिर्णय बघून, पाऊणपट करून, फळ्यावर खडूने भरती-ओहोटीच्या वेळा लिहितात आणि त्याप्रमाणे झेंडा बदलतात. बोर्ड मात्र काढून टाकला.

डिसेंबरात अपेक्षेप्रमाणे दोन तारे आलेच. 'जागा चांगली, पण मालक परकराचा झेंडा लावून बसतात आणि शिट्ट्या मारतात. सुट्टीला आलोय की शाळेत?' या खेपेला मी बाबांना फोन केला नाही. खाली मालकातर्फे उत्तर लिहिलं: 'समुद्र आमचा नाही. पाहुणे आमचे आहेत. पुन्हा या.'

रात्री बाबांचाच फोन आला. कोणीतरी दाखवलं होतं त्यांना.

"आकडा वर गेला का खाली?"

"खाली. ४.३."

"बरं," बाबा म्हणाले. "तू पुढच्या खेपेला येशील तेव्हा शिट्टी घेऊन ये तिकडची. ही जुनी झाली, वाऱ्यात लांब ऐकू जात नाही."